एक क्रमांक, एक माणूस

तिला सगळे भुंगा म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलं होतं, ती पाच वर्षांची असताना. एकदा एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो पोखरून आरपार गेल्याशिवाय ती कुणाला सुखानं जेवू देत नसे. कुलपाला आपलीच किल्ली कशी ओळखू येते, झोपलेल्या माणसाला आपण झोपलोय हे कळतं का, असले प्रश्न. पुढे ती वेबसाइट बांधणारी झाली आणि पोखरण्याला पगार मिळू लागला, एवढाच काय तो फरक पडला.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस होतं. माणसं तीन. एक भुंगा, एक रंगरूप ठरवणारी अबोल मुलगी आणि एक मालक. मालकांना या दोघी पाठीमागे 'होईल' म्हणत. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं तरी ते "होईल, होईल" म्हणत आणि मग भुंगाकडे बघत. शब्द त्यांनी द्यायचा आणि घाम हिनं गाळायचा, अशी कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरून गेलेली होती.

त्या वर्षी त्यांच्याकडे विसरभोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. दवाखान्याचं खरं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण तिथे येणारी माणसं हीच. वय झालेली, गोष्टी हातातून निसटू लागलेली. आठवड्यातून एकदा ती दवाखान्यात येत आणि रोज घरी बसून वेबसाइटवर दहा प्रश्न सोडवत. आज वार कोणता, काल काय जेवलात, या चित्रांतली कोणती दोन सारखी. उत्तरं डॉक्टरीणबाई बघत. जुनी वेबसाइट आता कुरकुरायला लागली होती आणि नवी हवी होती.

डॉक्टरीणबाई उंच, केस बारीक कापलेल्या, वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायच्या. पहिल्याच बैठकीत भुंगानं नेहमीची सुरुवात केली.

"आत यायला प्रत्येकाला पासवर्ड लागेल."

"माझ्या पेशंटना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विसरले तर गुप्त प्रश्न ठेवू. पहिल्या शाळेचं नाव वगैरे."

"शाळेचं नाव त्यांना छान आठवतं. बाकावर शेजारी कोण बसायचं, मास्तरांच्या कोटाचं कुठलं बटण तुटलेलं होतं, सगळं आठवतं. हा प्रश्न आपण निवडला होता, एवढंच आठवत नाही."

"होईल, होईल," मालक म्हणाले.

भुंगा परतताना बसमधून एक थांबा आधीच उतरली आणि चालत ऑफिसला आली. असं काही डोक्यात शिरलं की तिला बसवत नसे. माणूस आपण आपणच असल्याचं सिद्ध कसं करतो? एक तर त्याला काही ठाऊक असतं, नाहीतर त्याच्याजवळ काही असतं, नाहीतर त्याच्या अंगावरच काही असतं. ठाऊक असण्याचा भरवसा इथे नव्हता. बोटांचे ठसे म्हणाल तर म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि त्या यंत्रावर बोट ठेवताना अर्धे पेशंट घाबरतात, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. राहिला फोन. चार आकडे फोनवर पाठवायचे, दहा मिनिटांच्या आत ते बघून टाइप करायचे, की दार उघडलं. काही लक्षात ठेवायला नको. ऑफिसचा जिना चढेपर्यंत सगळं पक्कं झालं होतं, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिनं फाइलच्या माथ्यावर नियम लिहून टाकला. एक क्रमांक, एक माणूस. एका नंबरावर दुसरं खातं उघडता येणार नाही. आपल्या या नियमावर ती भारी खूश होती.

मग जोडकाम सुरू झालं. आजकाल वेबसाइट कुणी पायापासून बांधत नाही. फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा मिळतो, त्यात सुटे भाग आणून बसवायचे. एक भाग ओळख पटवणारा, एक प्रश्न विचारणारा, एक तारखा सांभाळणारा. प्रत्येक भाग एकटा असताना गुणी असतो. एकत्र नांदवायला घेतले की मग त्यांचे खरे गुण कळतात. ओळख पटवणारा भाग माणसांची आपली वेगळी यादी बाळगून होता, सांगाडा आपली वेगळी. एक म्हणे हा माणूस आत आलाय, दुसरा म्हणे कोण माणूस? आठ दिवस भुंगा त्यांच्या मध्ये बसून समेट घडवत होती. अबोल मुलगीसुद्धा एकदा न राहवून म्हणाली, "तू कॉम्प्युटरशी भांडतेस तेव्हा फार हातवारे करतेस."

समेट झाला. आता दवाखान्यातली जुनी यादी नव्या घरात हलवायची होती. डॉक्टरीणबाईंनी ती द्यायच्या आधी नावांवर पडदा टाकला होता. नावाच्या जागी फक्त अनुक्रमांक. फोननंबर मात्र ठेवावे लागले, कारण त्यांच्यावरच दार उघडणार होतं. आणि रोजच्या उत्तरांच्या वह्या सोबत आल्या, कुलूपबंद. कुलपाची किल्ली अर्थातच भुंगाकडे, बांधणारीकडे नसेल तर कुणाकडे असणार.

"तुझ्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण किल्ली असणं वेगळं आणि आत जायची परवानगी असणं वेगळं."

भुंगाला हे इतकं पटलं की ती हसली. तिच्या धंद्यातही हे दोन भाग वेगळेच असतात. तू कोण, हे विचारणारा एक आणि तुला काय बघायची मुभा आहे, हे विचारणारा दुसरा. तिनं कागदावर सही करून दिली, कुठलीही वही उघडणार नाही म्हणून.

यादी बसली, सहाशेच्या वर माणसं. आता चाचणीसाठी कुणीतरी वय झालेलं माणूस हवं होतं, जे नव्या वेबसाइटला न भिता शिव्या घालेल. भुंगाच्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती आली. आई! आई फोन हातात घेतला की तो बनवणाऱ्याचा उद्धार केल्याशिवाय खाली ठेवत नसे. तिनं आईचा नंबर टाकला आणि 'नवीन खाते' हे बटण दाबलं.

लाल अक्षरं उमटली. या क्रमांकाचे खाते आधीपासून आहे.

तिला वाटलं, आपणच कुठेतरी शेण खाल्लं. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. फोनमध्ये आईचा नंबर पुन्हा बघून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत तिनं तो टाकला. पुन्हा लाल अक्षरं. मग तिनं यादीत तो नंबर शोधला आणि सापडला. अनुक्रमांक चारशे अठरा. खातं उघडून एक वर्ष सात महिने झाले होते. दवाखान्यातल्या भेटींच्या तारखा खाली ओळीनं मांडलेल्या होत्या, शेवटची मागच्याच आठवड्यातली.

एक वर्ष सात महिने! आई विसरायला लागली, दीड वर्षाहून जास्त दवाखान्यात जाते आहे, आणि घरात ताकास तूर लागू दिली नाही. तिला तरी कशाला कळणार होतं म्हणा. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, रविवारी दुपारी आईबाबांकडे जेवायला जायची, भांडी घासून निघून यायची. आणि तिनंही कामाचा हा दवाखाना कुठला ते घरी सांगितलं नव्हतं. गुप्तता म्हणून.

चारशे अठराची वही एक ओळ टाइप करण्याइतकीच दूर होती. वही उघडली की कळलं असतं किती विसरते, काय विसरते, कधीपासून. भुंगाचे हात कीबोर्डवर गेले आणि तिथेच थांबले. तिनं दिलेली सही तिला आडवी आली. आयुष्यात इतकं जवळ आलेलं उत्तर तिनं कधी सोडलं नव्हतं. तिनं यादी बंद केली.

मग तिनं सोमवारपासून रोज संध्याकाळी आईकडे जायला सुरुवात केली.

"काय गं, नोकरी गेली का?" पहिल्या दिवशी आईनं विचारलं.

"काही नाही, सहज."

"सहज कुणी दोन बस बदलून येत नाही."

भुंगानं परीक्षा सुरू केली. बोलता बोलता मामीच्या धाकट्या नातवाचा विषय काढला, तो कितवीला आहे म्हणून. आईनं इयत्ता सांगितली, तुकडी सांगितली, शिवाय त्याच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत आणि बदलीच्या बाई नुसत्या फळ्याकडे बघून शिकवतात, हेही सांगितलं. मंगळवारी तिनं विचारलं, मागच्या रविवारी आपण काय जेवलो होतो गं?

"तू आणलेलं. मीठ कमी होतं. तेव्हा बोलले नाही, म्हटलं एवढ्या हौसेनं आणलंय."

बुधवारी तर तिनं कमालच केली. आईचा चष्मा हळूच उचलून फ्रिजवर ठेवला आणि बघत बसली. आई स्वयंपाकघरातून आली, टेबलाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, तडक फ्रिजपाशी जाऊन चष्मा काढला आणि म्हणाली, "लहानपणी बरी होतीस. तेव्हा नुसते प्रश्न विचारायचीस."

एवढं झाल्यावर दुसरं कुणी समाधानानं घरी गेलं असतं. पण भुंगाला एकदा पोखरायला लागलं की पुरावाच उलटा दिसू लागायचा. इतकं चोख आठवतंय म्हणजे तयारी करत असणार. दीड वर्ष रोज दहा प्रश्न सोडवले की कुणीही तरबेज होईल. आई लपवण्यात पहिल्यापासूनच पटाईत आहे. असं ती स्वतःला पटवत होती आणि आईच्या हाताकडे, मसाल्याच्या डब्यांकडे, गॅसच्या बटणाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता निवृत्त होऊन शांत झाले होते.

"ऑफिस कसं चाललंय, भुंग्या?" ते विचारत.

"मस्त, बाबा," ती म्हणे. नजर स्वयंपाकघराकडे.

थोड्या वेळानं पान उलटत ते पुन्हा विचारत, "ऑफिस कसं चाललंय?" ती पुन्हा "मस्त" म्हणे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, त्यातला वळसा भुंगा रोज दोन बस बदलून घालत होती.

आणि मग तिनं ती गोष्ट केली, जिची पुढे तिला लाज वाटली. वही तिनं उघडली नव्हती, पण भेटींच्या तारखा बघितलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या शुक्रवारच्या होत्या. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि म्हणाली, नवी वेबसाइट दाखवायला शुक्रवारी येते, सकाळी अकराला. शब्द मोडला नव्हता. नुसता वाकवला होता.

दवाखान्याचा व्हरांडा लांब होता, भिंतीला लागून बाकं. शुक्रवारी भुंगा लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून जिना चढून वर आली तेव्हा तिसऱ्या बाकावर आई बसलेली होती. मांडीवर पर्स, पर्सवर हात. भुंगानं आठवडाभर मनात हजारदा रंगवलेलं दृश्य तंतोतंत समोर होतं.

आईनं मान वर केली. "तू इथे काय करतेस?"

"माझं काम आहे इथे. यांची वेबसाइट मीच करतेय." भुंगा शेजारी बसली. आठवडाभर गिळलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. "आई, दीड वर्ष झालं. मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे? आपण चांगल्या डॉक्टरला दाखवू, आणखी तपासण्या करू. तू घाबरू नकोस."

"मी?" आई म्हणाली.

"मला नंबर दिसला तुझा. यादीत."

आई तिच्याकडे बघत राहिली. आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि मग तिला हसू आलं, आणि ते तोंडावरून उतरायच्या आतच डोळे भरून आले. "म्हणजे आठवडाभर माझी परीक्षा चालली होती होय. चष्मा! अगं वेडे, मी नाही."

समोरचं दार उघडलं. एक मदतनीस बाई बाहेर आल्या आणि त्यांच्या मागोमाग बाबा. हातात टोपी. व्हरांड्यात येऊन त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि नक्की कुठल्या बाजूला जायचं ते ठरत नसल्यासारखे क्षणभर उभे राहिले. आईनं हात वर केला. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते इकडे आले.

"आलीस का, भुंग्या," ते म्हणाले. तिथे तिला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "ऑफिस कसं चाललंय?"

भुंगाला मस्त म्हणता येईना. ती नुसतीच त्यांच्या कोटाची बाही धरून उभी राहिली.

ते पाणी प्यायला गेले तेव्हा आईनं हळू आवाजात सांगितलं. "पहिल्यांदा आलो तेव्हा इथल्या नोंद करणाऱ्या मुलीनं ह्यांना फोननंबर विचारला. ह्यांना स्वतःचा आठवेना. पंधरा वर्षं तोच नंबर आहे. खूप वेळ बसले आणि मग घडाघडा माझा सांगितला. मग मीही म्हटलं, राहू दे तोच."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत लॅपटॉप उघडायच्या आधी भुंगानं सगळं कबूल केलं. आईचा नंबर, लाल अक्षरं, शुक्रवार. डॉक्टरीणबाई वाक्य अर्ध्यावर न सोडता पूर्ण बोलल्या, म्हणजे रागावल्या होत्या.

"वही उघडलीस?"

"नाही."

"तारखांवरही मी पडदा टाकायला हवा होता. ती माझी चूक. उरलेली तुझी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण तुझा हा नियम, एक क्रमांक एक माणूस, तो तुला कुणी सांगितला? माझे निम्मे पेशंट बायकोचा नाहीतर सुनेचा नंबर देतात. एका घरातल्या नवऱ्यापाठोपाठ आता बायकोही माझ्याकडे येणार आहे आणि फोन एकच आहे. तू तर दुसऱ्याला दारातच अडवणार होतीस."

भुंगा तोंडात मारल्यासारखी बसली. जन्मभर जिनं दिसेल त्याला प्रश्न विचारले, तिनं नेमका हाच विचारला नव्हता. फोन आपल्या खिशात असतो म्हणजे सगळ्यांच्या खिशात असतो, हे तिनं न विचारता गृहीत धरलं होतं. चार आकडे जायचे ते फोनला. तो फोन कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या वतीनं आहे, हे तिच्या त्या गुणी भागाला ठाऊकच नव्हतं. मालकही आले होते. ते सवयीनं "होईल" म्हणाले आणि यावेळी भुंगाकडे न बघता जमिनीकडे बघत राहिले.

झालं ते असं झालं. तिनं नियम पुसला. माणसं एका यादीत ठेवली, फोन दुसऱ्या यादीत, आणि कुठला फोन कुणाचा, कुठला फोन कुणासाठी, हे नातं लिहायला तिसरी यादी केली. एका फोनवर दोन माणसं असतील तर आत येताना वेबसाइट विचारणार, आज कोण आलंय? नातेवाइकांचं खातं वेगळं, आणि पेशंटनं आपण होऊन जोडलं तरच ते जोडलं जाणार. हे सगळं करायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत ती जेवली की नाही हे तिलाच आठवत नव्हतं. बाबांच्या आजारावर मिळेल ते तिनं वाचून काढलं, तीन डॉक्टरांची नावं काढली, गोळ्या, व्यायाम, झोप, सगळ्याचा एक तक्ता केला आणि रविवारी तो घेऊन आईबाबांकडे गेली.

दुपारची वेळ होती. आई मागे कपडे वाळत घालत होती. बाबांनी तक्ता हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"म्हणूनच नव्हतं सांगितलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुला बिघडलेलं काही दिसलं की तू झोपत नाहीस. लहानपणी रेडिओ उघडून बसायचीस. मीही तसाच होतो, म्हणून कळतं." ते चांगल्या तासांपैकी एका तासात होते, शब्द नीट येत होते. "पण भुंग्या, चाळीस वर्षांत काही लिफ्ट अशा भेटल्या की मालकाला सांगावं लागायचं, साहेब, ही आता अशीच चालणार. दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर घाबरू नका, आत बसून राहा, कुणीतरी येईल. काही मालकांना ते ऐकवत नसे. ते मला सारखे बोलावून घ्यायचे, आणि मी उगाच एक स्क्रू पिळून यायचो." ते तिच्याकडे बघून हसले. "तू येऊन रोज स्क्रू पिळत बसशील, याची मला भीती वाटत होती."

भुंगानं डोळे पुसून लॅपटॉप उघडला, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. "बाबा, तुमचं नवं खातं करायचंय. नंबर आईचाच राहील. पण खातं तुमचं."

त्यांनी नाव स्वतः टाइप केलं, एका बोटानं. पुढच्या पानावर नातेवाईक जोडायची जागा होती. "इथे तुला घालायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला हवं असेल तरच."

त्यांनी तिला घातलं. खाली दोन गोल आले. एकापुढे लिहिलं होतं 'फक्त पाहणे', दुसऱ्यापुढे 'पाहणे आणि बदल करणे'.

"यात फरक काय?"

"पहिल्यात मला तुमची उत्तरं नुसती दिसतील. दुसऱ्यात…" तिला आपलाच आवाज पडल्यासारखा वाटला. "दुसऱ्यात काही चुकलं तर मला दुरुस्त करता येईल."

"मग डॉक्टरीणबाईंना कसं कळणार मी कुठे चुकलो ते?"

बाबांनी पहिल्या गोलावर बोट ठेवलं आणि दाबलं. नोंद झाली. लगेच त्या दिवसाचे दहा प्रश्न उघडले, कारण ते भुंगानंच तसं बांधलं होतं. पहिला प्रश्न होता, आज वार कोणता? बाबांनी खिडकीबाहेर बघितलं, वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघितलं, बराच विचार केला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं. मंगळवार.

आई रिकामी बादली घेऊन आत येत होती. तिनं ते वाचलं आणि तोंड उघडलं. भुंगानं तिचा हात धरला.

"बरोबर आहे ना?" बाबांनी भुंगाकडे बघून विचारलं.

तिला आयुष्यात कुठलंही उत्तर इतकं पाठ नव्हतं. ते जिभेवर येऊन बसलं होतं.

"तुम्ही लिहा, बाबा," ती म्हणाली. "मी बसलेय इथे." आणि तिनं खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावून घेतली.